झिंकची दोन वर्षं

“गृहीतक कुठे आहे?” असं विद्यापीठाच्या संशोधन समितीचे प्रमुख मधुसूदन सरांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

गृहीतक होतं. पहिल्याच प्रकरणात होतं, आंधळ्यालाही सापडेल इतकं समोर. अंकुशनं लिहिलं होतं की नरखेड तालुक्यात उन्हाळ्यात संत्र्याची बोराएवढी फळं गळतात, त्यावर झिंकची फवारणी केली तर गळ कमी होईल असं त्याला वाटलं होतं. आणि त्याच्या पुढच्याच पानावर होतं की दोन उन्हाळे चाळीस झाडांवर हे करून पाहिलं, काही फरक पडला नाही, माझं चुकलं. पीएचडीच्या प्रबंधात ‘माझं चुकलं’ हे वाक्य मी तीस वर्षांत पहिल्यांदाच वाचलं होतं. त्याची मार्गदर्शक म्हणून मला त्याचा अभिमान वाटला होता. मधुसूदन सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली होती.

“मॅडम, असं लिहायचं नसतं,” ते मला म्हणाले. अंकुश समोर उभा असताना ते त्याच्याशी बोलतच नव्हते. “गृहीतक मांडायचं, ते तपासायचं, ते सिद्ध करायचं. तुमच्या विद्यार्थ्याचं गृहीतक पडलं आणि निष्कर्ष भलताच निघाला. या दोन्हींचा मेळ कसा बसवायचा?”

मेळ बसवायचा. जणू काही आम्ही लग्नाच्या पत्रिका घेऊन आलो होतो.

झालं होतं ते असं. फवारलेल्या आणि न फवारलेल्या झाडांखाली गळलेली फळं रोज सकाळी वेचून मोजायला अंकुशनं त्या बागेतल्याच अंजनाबाईंना रोजीवर लावलं होतं. साठीच्या बाई, अक्षरओळख नाही, पण मोजणीत कधी एका फळाचा फरक पडू द्यायच्या नाहीत. त्या आकडा सांगायच्या, अंकुश लिहून घ्यायचा. महिना संपला की बेरीज करायचा. आम्ही तसंच ठरवलं होतं, आराखड्यात तसं छापलं होतं, महिन्याची बेरीज. दोन वर्षं सगळ्या बेरजा सारख्या आल्या. झिंकवाली झाडं तेवढीच गळत होती, बिनझिंकवाली तेवढीच.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी अंकुश झाडांवरच्या चिठ्ठ्या काढत होता, तेव्हा अंजनाबाई त्याला म्हणाल्या, “भाऊ, तू त्या दवाईचंच घेऊन बसला गा. रातच्या लाइनच्या हप्त्यात फळं जास्त पडते. दिवसाच्या लाइनच्या हप्त्यात कमी. तुले दिसलं नाही का?”

नाही दिसलं. शेतीच्या पंपांना तिकडे एक आठवडा दिवसा वीज मिळते, एक आठवडा रात्री. लोक मोटरला ऑटो लावून ठेवतात. रात्री लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते, माणूस घरी झोपलेला असतो आणि झाडाच्या आळ्यात सकाळपर्यंत पाणी तुंबतं. हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. फळगळीशी मात्र कुणी ते जोडलं नव्हतं. एक आठवडा जास्त आणि एक आठवडा कमी, यांची महिन्याची बेरीज केली की काय उरतं? काहीच नाही. आमच्या छापील आराखड्यानंच ती गोष्ट दोन वर्षं आमच्यापासून लपवून ठेवली होती.

अंकुशनं रोजचे आकडे पुन्हा मांडले. बाई म्हणत होत्या तसेच ते आठवड्याआड वर गेले होते, आठवड्याआड खाली आले होते. पण तेवढ्यावर तो नाचला नाही. नाल्यापलीकडच्या गावाची लाइन वेगळी होती. तिथे रात्रीचा आठवडा असे तेव्हा इथे दिवसाचा असायचा. पुढचा सबंध उन्हाळा त्यानं दोन्ही गावांत मोजणी केली. इकडे गळ वाढायची तेव्हा तिकडे उतरायची, तिकडे वाढायची तेव्हा इकडे. ऊन तेच, वारा तोच, संत्र्याची जात तीच. मी ते आकडे पुन्हापुन्हा पाहिले. आयुष्यात इतका स्वच्छ पुरावा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि तो कुठल्याही प्रयोगशाळेत तयार करता आला नसता.

हे सगळं त्यानं जसं घडलं तसं लिहिलं होतं. झिंक, चूक, अंजनाबाई, दोन गावं.

“या अंजनाबाईंची शैक्षणिक पात्रता काय?” मधुसूदन सरांनी विचारलं.

समितीतले बाकीचे दोघे हसले. मी हसले नाही. मी म्हटलं, “सर, त्या दोन वर्षं रोज सकाळी सहा वाजता झाडाखाली होत्या. या खोलीतल्या कुणाची ही पात्रता आहे?”

“चिडू नका मॅडम. मी तुमच्या भल्याचं बोलतोय. आज तुमच्या अंजनाबाई म्हणाल्या, उद्या दुसरा कुणी येईल आणि म्हणेल की अमावास्येला संत्री गळतात. त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? पद्धत एकच असते म्हणून तर विज्ञान आणि थापा वेगळ्या काढता येतात.”

“त्यालाही म्हणेन की मोजून आण. दोन गावांत मोज. टिकलं तर छापू, नाही टिकलं तर तेही छापू. ते कुणाला सुचलं, आधी सुचलं की नंतर सुचलं, यानं काय फरक पडतो?”

“फॉर्ममध्ये पडतो,” ते म्हणाले.

हा माणूस वाईट नव्हता. तो वाईट असता तर मी त्या दिवशी काहीतरी फेकून मारलं असतं आणि मोकळी झाले असते. त्यानं अंकुशची पीएचडीची नोंदणी वाचवायचा रस्ताही सांगितला. झिंकचं प्रकरण काढून टाका. रात्रीच्या सिंचनामुळे फळगळ वाढते हे गृहीतक पहिल्या दिवसापासून होतं असं लिहा. अंजनाबाईंच्या जागी ‘संशोधकाच्या निरीक्षणास आले’ असं घाला. आठ दिवसांत आणून द्या, मी लगेच मंजूर करतो.

म्हणजे खरं लिहिलं तर अशास्त्रीय आणि खोटं लिहिलं तर शास्त्रशुद्ध! आम्ही जिना उतरू लागलो. मी अंकुशला म्हटलं की कुलगुरूंकडे जाऊ, वर्तमानपत्रात देऊ, या लोकांची अब्रू चव्हाट्यावर आणू. खाली पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावून तो नुसता बसून राहिला.

अंकुश छत्तीस वर्षांचा आहे. आमच्याच कॉलेजात नऊ वर्षं तो तासावर शिकवत होता, उन्हाळ्यात तेही बंद. आमच्या विभागात अठरा वर्षांनी कायम जागा निघाली होती आणि महिनाअखेरच्या आत प्रबंध सादर झालेला नसेल तर त्याचा अर्जच बाद होणार होता. त्याची नोंदणीही त्याच महिन्यात संपत होती. कुलगुरूंकडे दाद मागायची तर दोन वर्षं गेली असती. हे सगळं मला माहीत होतं. त्याच्यासाठी भांडायला निघालेल्या मला ते त्या पार्किंगमध्ये पोचेपर्यंत आठवलं नव्हतं, एवढंच.

“लिहून टाक,” मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. “काय म्हणून राहिल्या मॅडम?”

“सर म्हणाले तसं लिहून टाक. सही मी करते.”

“अन् अंजनाबाईचं काय?”

“आभारात टाक.”

हे मीच म्हणाले. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर मी त्याची सालं काढली असती. पण अंकुशपासून एक गोष्ट मी लपवली होती, आणि ती आठवली म्हणून तर माझी जीभ इतकी सहज वळली. माझ्या स्वतःच्या प्रबंधातलं गृहीतक मी सगळ्यात शेवटी लिहिलं होतं. आकडे हातात आल्यावर, टायपिंगवाल्याच्या दुकानात बसून. माझ्या सरांनी तसंच करायला सांगितलं होतं. त्यानंतर दर जूनमध्ये मी फळ्यावर वैज्ञानिक पद्धतीच्या पाच पायऱ्या ओळीनं लिहीत आले आणि पोरं त्या मुकाट्यानं उतरवून घेत आली. त्या पायऱ्या चढून कुणी कुठे पोचलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. मधुसूदन सर निदान मोकळेपणानं फॉर्मचं नाव घेत होते. मी त्याला विज्ञान म्हणत होते.

आठ दिवसांनी अंकुशनं नवा प्रबंध आणला. तो अगदी गुळगुळीत होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं सरळ रेषेत, कुठे ठेच नाही, कुठे ‘माझं चुकलं’ नाही. आभारांमध्ये तेराव्या ओळीवर, झेरॉक्सवाल्याच्या खाली, ‘श्रीमती अंजनाबाई व इतर मजूर’ असं होतं. मी प्रमाणपत्रावर सही केली. हे संशोधन याच पद्धतीनं माझ्या मार्गदर्शनाखाली झालं, असं त्यात छापलेलं असतं.

अंकुशला पदवी मिळाली, नोकरी लागली. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्याच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, समोसे झाले. तेव्हापासून तो मला नीट भेटत नाही. स्टाफरूममध्ये मी आले की त्याला तास आठवतो.

मी रागावत राहिले, समितीवर, फॉर्मवर, विद्यापीठावर. बाहेर राग काढायला जागा होती तोवर सोपं होतं.

या जुलैत मलाच त्या समितीवर घेतलं. माझी पहिलीच बैठक होती. भैरवी नावाची मुलगी आली, चोवीस-पंचवीसची. मधुसूदन सर तिचे मार्गदर्शक. तिनं आराखडा उघडला आणि वाचायला सुरुवात केली. नरखेड तालुक्यातील संत्र्याच्या उन्हाळी फळगळीवर झिंक फवारणीचा परिणाम. चाळीस झाडं. दोन हंगाम. गृहीतक ठळक अक्षरात.

“हे होत नाही,” मी म्हटलं. “झिंकनं काही फरक पडत नाही.”

“कशावरून मॅडम?” मधुसूदन सरांनी अगदी सरळ विचारलं. ते विसरले होते. खरंच विसरले होते, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांच्या लेखी त्यांनी त्या दिवशी एक ओळ दुरुस्त करायला सांगितली होती, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय होतं?

भैरवी घाबरली, पण तिनं तयारी चोख केली होती. “मॅडम, मी या विषयावरचे सगळे प्रबंध वाचले. अंकुश सरांचा तर दोनदा. झिंकवर नरखेडमध्ये कुणीच काम केलेलं नाही. तुम्ही म्हणताय ते कुठे छापून आलं असेल तर सांगा ना, मी विषय बदलते.”

कुठेच छापून आलेलं नव्हतं. मीच ते काढून टाकायला लावलं होतं. तोंड उघडून सांगावं, तर अंकुशचा प्रबंध खोटा ठरत होता, त्याची पदवी आणि सहा महिन्यांची नोकरी जात होती, आणि सही माझी होती. गप्प बसावं, तर या पोरीचे दोन उन्हाळे मातीत जात होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मला मधुसूदन सरांचा राग आला नाही, अंकुशचा आला नाही. मला माझीच शिसारी आली.

“माझा आक्षेप मागे घेते,” मी म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात भैरवीनं मला गाठलं. ती खूश होती. “थँक्यू मॅडम. एक विचारू? तिकडे रोज फळं मोजायला कुणी विश्वासाची बाई मिळेल का?”

मी तिला अंजनाबाईंचा नंबर दिला. जे मला सांगवलं नाही ते त्या सांगतील, एवढाच माझा हिशेब होता. मी घरी आले आणि तीन दिवस स्वतःची समजूत घातली की मी त्या मुलीला योग्य जागी पाठवलंय.

चौथ्या दिवशी सकाळी अंजनाबाईंचा फोन आला.

“मॅडम, तुमची थे पोरगी आली व्हती. मी म्हटलं, बाई, हे आमी दोन वर्षं करून चुकलो, काही होत नाही यानं. झाडंई दाखवली तिले. तिचं म्हणणं, अंकुशभाऊच्या पुस्तकात असं काहीच नाही. मी म्हटलं असंन कसं नाही, दोन वर्षं मी रोज सकाळी उठून मोजलं, कमरेचे काटे ढिले झाले माझे.” त्यांचा आवाज चढला. “थे पोरगी इथं बांधावर बसून रडून राहिली. तिले म्या कायले सांगावं लागलं? तिनंच सांगतलं, तुमी त्या मिटिंगमंदी बसल्या व्हत्या ना? तुमी काहून नाही सांगतलं?”