स्तामातिसची जागा

त्या बेटावर मेलेल्या माणसालाही तीन वर्षांपेक्षा जास्त मुक्काम मिळत नसे. बेट म्हणजे नुसता खडक. चर्चमागच्या दफनभूमीत जी काही माती होती ती पणज्या-खापरपणज्यांनी बोटीतून आणून टाकलेली, आणि कबरी मोजक्याच. तीन वर्षं झाली की घरचे जमायचे, कबरी खणणारा सारांदिस कुदळ घेऊन यायचा आणि हाडं वर निघायची. घरातली सगळ्यांत जवळची बाई ती तांबड्या वाइनने धुवायची, पांढऱ्या चादरीवर उन्हात वाळवायची आणि नाव रंगवलेल्या लाकडी पेटीत भरून अस्थिघरात ठेवायची. जागा मोकळी, पुढच्याची सोय. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट आईची हाडं छान पिवळी निघाली की लेकी ठसक्यात सांगायच्या, "बघा, पुण्यवान होती आमची!"

एकच कबर या नियमाबाहेर होती. कुंपणाच्या भिंतीलगत, अंजिराच्या झाडाखाली. तिच्यावर क्रूस होता, दिवा होता, आणि आत कुणीच नव्हतं.

ती आर्गिरोच्या मुलाची. स्तामातिस ऐन विशीत मालवाहू जहाजावर नोकरीला लागला आणि पहिल्याच हिवाळ्यात जहाजासकट बुडाला. आर्गिरोचा नवरा पापा-थिमिओस गावचा पाद्री. त्याने बायकोच्या हट्टापायी कबर खणून घेतली आणि वाट बघायची ठरली. अस्थिघरात मुलाची पेटीही तयार होती, निळ्या अक्षरांत नाव रंगवलेली. पुढे नवरा गेला, त्याची हाडं आर्गिरोने स्वतः धुतली आणि त्याची पेटी मुलाच्या रिकाम्या पेटीशेजारी ठेवली. पाद्रीच्या बायकोला तिकडे पापाद्या म्हणतात, आणि म्हाताऱ्या पापाद्येपुढे तोंड उघडायची गावात कुणाची छाती नव्हती. अपवाद दोनच: शेजारीण मारिगो, कारण तिचं तोंड तिच्याही ताब्यात नव्हतं, आणि सारांदिस, कारण तो घंटा वाजवायचा, कबरी खणायचा आणि त्यामुळे सगळ्यांना कधी ना कधी लागायचाच.

"जागा देऊ का कुणाला, पापाद्या?" तो दरवर्षी विचारायचा.

"राहू दे. येईल तो."

"आणि तू मेलीस म्हणजे?" मारिगो विचारायची. "तुला काय छपरावर ठेवायचं?"

"तुझ्या घरात ठेवा. नाहीतरी तिथे कुणाला बोलायला मिळत नाही, मलाही मिळायचं नाही."

हे सगळं हसण्यावारी जायचं. घरी आल्यावर मात्र आर्गिरो आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसायची. या हातांनी तिने आईला धुतलं होतं, सासूला धुतलं होतं, नवऱ्याला धुतलं होतं. स्तामातिस जन्मला तेव्हा त्याला पहिली अंघोळ यांनीच घातली होती. इतका निसरडा की सासू ओरडत होती, अगं सांडशील त्याला! मुलगा जिवंत परत यावा एवढं मोठं मागायची तिची हिंमत केव्हाच संपली होती. आता तिला फक्त त्याची हाडं हवी होती. एकदा हातात घ्यायची, धुवायची, पुसायची. तेवढ्याच्या ओढीवर ती म्हातारी झाली होती.

नवऱ्याशी तिचं भांडण तो मेल्यावरही चालूच होतं. पुष्कळ पाद्री असे असतात की लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पापा-थिमिओस तसा असता तर तिला सोन्याचे दिवस आले असते. पण तो पडला बोलेल तसा वागणारा. त्याने स्वतःचा कोट भिकाऱ्याला दिला, मग तिच्या शालीत स्वतःला गुंडाळून हिवाळा काढला आणि थंडीने काकडली ती. ईस्टरचं कोकरू एका विधवेच्या घरी पोचवून आला आणि सणाच्या दिवशी ऑलिव्ह आणि पाव पुढ्यात घेऊन म्हणतो कसा, "आर्गिरो, काय चव आहे गं!" संत नवरा मिळाला की बायकोला स्वर्ग मेल्यावर, जिवंतपणी उपास. आणि इतकं करून तिचं त्याच्यावर प्रेम होतं, हे आणखी वाईट.

मोठे उपास सुरू व्हायच्या आधी मृतांचा शनिवार येतो. त्या वर्षी शुक्रवारी आर्गिरो कोलिवासाठी गहू शिजवत होती. शिजलेल्या गव्हात बदाम, डाळिंबाचे दाणे, वर पिठीसाखरेचा थर. आपापल्या गेलेल्यांच्या नावाने सगळ्या घरांतून असं ताट चर्चमध्ये जातं. ती साखर पसरत असतानाच मारिगो धापा टाकत आली.

"खाडीत माणूस लागलाय! मेलेला. पोरगाच आहे गं."

आर्गिरोच्या हातातली चाळणी खाली पडली. मारिगोच्या लक्षात आलं आणि ती ओशाळून म्हणाली, "तो नाही. तो कसा असेल? परका आहे कुणीतरी."

परकाच होता. उत्तरेकडच्या वादळात कुठलंतरी जहाज फुटलं होतं, त्यावरचा. खिशात कागद नाही, अंगावर नावनिशाणी नाही. गळ्यात दोऱ्याने बांधलेला पितळेचा छोटा क्रूस तेवढा होता. होड्यांच्या पडवीत त्याला शिडाच्या कापडाखाली ठेवलं. बंदरावरच्या पोलिसाने वर्णन लिहून घेतलं आणि पुरायला परवानगी दिली. पुरायचं कुठे, ते तो गावावर सोडून गेला. त्या साली सगळ्या कबरी भरलेल्या होत्या, तीन वर्षं कुणाचीच झाली नव्हती.

"वाळूत पुरा," कुणीतरी म्हणालं. "आजोबांच्या वेळी असंच करायचे."

"आणि पुढच्या वादळात समुद्र परत घेऊन गेला म्हणजे?" नवा पाद्री पापा-फोतिस म्हणाला. तरणा माणूस, दाढीसुद्धा अजून नीट भरली नव्हती. अंजिराच्या झाडाखालची जागा सगळ्यांच्या मनात होती. पण तिचं नाव कुणी घेतलं नाही. घोळक्यात उभ्या असलेल्या आर्गिरोने तेवढ्यावरूनच ओळखलं आणि ती कुणाकडे न बघता घरी गेली.

रविवारी चर्चमध्ये वर्षानुवर्षांचा तोच पाठ होता: शेवटच्या दिवशी राजा विचारेल, मी परका होऊन दाराशी आलो, तुम्ही काय केलंत? पापा-फोतिसने तो वाचला आणि प्रवचन न करताच पुस्तक मिटलं. एवढ्याने भागलं असतं. पण मागून सारांदिस मोठ्याने पुटपुटला, "पापा-थिमिओस या पाठाला दरवर्षी रडायचे."

आर्गिरो तडक उठून अस्थिघरात गेली आणि नवऱ्याच्या पेटीवर तिने हाताने थाप मारली.

"रडायचं तू, आणि निस्तरायचं मी! कोट दिलास, गप्प बसले. कोकरू दिलंस, गप्प बसले. आता हेसुद्धा मागतोस? ही जागा मी त्याची म्हणून ठेवलीय रे. ती दिली तर तो येणार नाही, असं मीच म्हटल्यासारखं होईल."

पेटी अर्थातच बोलली नाही. बोलली असती तर तिला बरं वाटलं असतं. वाद घालता आला असता. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. पायरीवर पापा-फोतिस टोपी काढून उभा होता.

"खणायला सांगा," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे. तीन वर्षांनी त्याची हाडं मी धुणार. दुसरं कुणी नाही."

"तुमच्याशिवाय कोण धुणार, पापाद्या? त्याचं आहे कोण?"

तीन वर्षं तिने त्या कबरीवरचा दिवा विझू दिला नाही. आधी ती त्या पोराला "परका" म्हणायची, मग "तो", मग नुसतं "आमचा". स्तामातिस म्हणायला जीभ कधी धजली नाही. पण हाडं कशी निघतील, कवटीवर हात कसा फिरवायचा, वाइन कुठल्या पिंपातली घ्यायची, याचा विचार ती करू लागली. धुताना कुणाची आहेत ते हातांना कसं कळणार? हातांना तेवढं फसवलं तर देव रागावणार नाही, असं तिने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

आणि वर्षं पुरी व्हायला आठवडा उरला असताना पापा-फोतिस तिच्या दारात आला. तिच्या नजरेला नजर देईना.

"त्याचं नाव कळलं. दोरिन. रोमानियाचा. बंदराच्या कचेरीला इतक्या दिवसांनी कळलं, जहाजावरची माणसं कोण कोण होती ते. त्याची आई येतेय, पापाद्या. शुक्रवारच्या बोटीने. हाडं न्यायला."

"बरं झालं," आर्गिरो म्हणाली. दार लावलं, आणि चुलीपाशी उभ्या उभ्याच रडली. बरं झालं असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

गुरुवारी सकाळी सारांदिस आला. त्याचा चेहरा लग्नात चोरून केक खाणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"पापाद्या, बोट उद्या आहे. आजच उघडू या. तुम्ही धुवा, वाळवा, पेटीत भरा. ती बाई आली की तयार पेटी तिच्या हातात. तिलाही त्रास नाही. कुणाला काय कळणार?"

"पापा-फोतिस?"

"पाद्री पलीकडच्या वाडीत बारशाला गेलेत."

तिने एकदाही नाही म्हटलं नाही. पिंपातली वाइन बाटलीत काढली, चादर काखेत मारली आणि त्याच्या मागोमाग निघाली. अंजिराला कोवळी पानं फुटली होती. सारांदिसने क्रूस बाजूला ठेवला आणि कुदळ मारली. माती भुसभुशीत होती. दुसरा घाव, तिसरा. आर्गिरो गुडघे टेकून बसली, बाह्या वर केल्या.  आणि आपल्या हातांकडे बघताना तिच्या मनात आलं, या घटकेला बोटीच्या फळीवर एक बाई असेच हात मांडीवर घेऊन बसली असेल.

"थांब."

"आता काय?"

"थांब म्हटलं ना! माती परत लोट."

"अहो, पण तुम्हीच इतकी वर्षं..."

"मला ठाऊक आहे मी किती वर्षं काय केलं ते! लोट माती, नाहीतर कुदळ मीच घेते."

सारांदिसने माती लोटली. आर्गिरोने वाइनची बाटली चर्चच्या कोनाड्यात ठेवली. घरी जाताना ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "झालं समाधान?"

दोरिनची आई सांदा बोटीतून उतरली तेव्हा बंदरावर सगळं गाव होतं. डान्यूब नदीच्या मुखाकडची बुटकी, रुंद खांद्यांची बाई, डोक्याला काळा रुमाल, हातात कापडी पिशवी. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आर्गिरोने तिला घरी नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, सूप दिलं. सांदाने पिशवीतून आपल्याकडची वाइनची बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्याकडेही हाडं वाइननेच धुतात, हे कुणी सांगायची गरज उरली नाही.

कबर उघडली. सारांदिसने आधी कवटी वर दिली. सांदाने ती छातीशी धरली आणि जो आवाज केला तो सगळ्यांनाच समजला. तिने कवटी पांढऱ्या कापडात गुंडाळून बाजूला ठेवली आणि बाकीची हाडं धुवायला घेतली. वाइन ओतायचं काम आर्गिरोने घेतलं. ती धार धरत होती आणि सांदा चोळत होती; बोटांची बारीक हाडं, बरगड्या, पायांच्या लांब नळ्या. आर्गिरोने एकदाही हात पुढे केला नाही. धार वाकडी होऊ नये म्हणून तिने ओठ दाताखाली दाबून धरले होते.

पेटीचा प्रश्न आला. सांदाने तर नुसती पिशवी आणली होती. आर्गिरो अस्थिघरात गेली आणि स्तामातिसची पेटी घेऊन आली.

"पापाद्या, ती नको," पापा-फोतिस हळूच म्हणाला. "सुतार उद्या दुसरी..."

"बोट उद्यापर्यंत थांबणार आहे का?"

सांदाने पेटीवरच्या निळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मान वर करून पाहिलं. आर्गिरोने दोन्ही हातांचा पाळणा केला, हलवला, मग समुद्राकडे बोट दाखवलं आणि रिकामे तळवे उघडून दाखवले.

सांदा बराच वेळ त्या तळव्यांकडे बघत राहिली. सगळी हाडं झाली होती, कवटी तेवढी उरली होती. तिने कापड सोडलं, कवटी दोन्ही हातांनी उचलली आणि आर्गिरोच्या उघड्या तळव्यांवर ठेवली. मग स्वतः वाइनची बाटली घेतली आणि धार धरली.

आर्गिरोने धुतली. कपाळ धुतलं, डोळ्यांच्या खोबणी धुतल्या, कान होते त्याच्या मागे अंगठा फिरवला. लहान मुलांचं तिथेच मळकं राहतं. "सांडणार नाही," ती पुटपुटत होती, "सांडणार नाही रे राजा." मारिगो जन्मात पहिल्यांदा गप्प होती.

संध्याकाळच्या बोटीने पेटी गेली. सांदाने ती मांडीवर घेतली होती आणि निळं नाव किनाऱ्याच्या बाजूला केलं होतं. डान्यूबकाठच्या कुठल्याशा चर्चमध्ये आता दोन आयांचे मुलगे एका पेटीत राहणार होते. बोट दिसेनाशी होईपर्यंत आर्गिरो धक्क्यावरून हलली नाही. तिच्या हातांना अजून वाइनचा वास येत होता आणि मन शांत झालं नव्हतं. उलट ओढ जास्तच लागली होती, कारण आता हातांना ठाऊक झालं होतं ते काय मागत होते.

दफनभूमीत सारांदिस खड्ड्याच्या काठावर बसून उरलेली वाइन संपवत होता. तिला बघून उठला.

"आता ही जागा देऊ ना गावाला, पापाद्या?"

"राहू दे."

"पण पेटीसुद्धा दिलीत. आता काय येणार तो?"

"दुसरं कुणी येईल. समुद्र काय थांबणार आहे? त्याचीही आई असेल कुठेतरी." तिने खाली वाकून क्रूस उचलला, शालीच्या टोकाने त्याची माती पुसली आणि पुन्हा जागेवर रोवला. "आणि तोच आला, तर त्यालाही होईल. सुताराला सांग, नवी पेटी कर म्हणावं. नाव रंगवू नको."