बर्फ पडण्याआधी सांगितलेली गोष्ट

विद्यापीठाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर डॉक्टर प्रेस्कॉट वेल हात पसरून उभे होते. "कुठलीही भाषा द्या! हे यंत्र नुसतं भाषांतर करत नाही, माणसाचं काळीज वाचतं!"

त्यांनी डेल्फीन या संशोधक विद्यार्थिनीने ध्वनिमुद्रित केलेली, क्री या कॅनडातल्या आदिवासी भाषेतली मुलाखत यंत्रात घातली. दहा सेकंदांत पडद्यावर इंग्रजी मजकूर आला. पृथ्वी घडवताना लांडग्याने कशी मदत केली, ते अगाथा लिंकलेटर सांगत होत्या म्हणे. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन प्राध्यापकांनी तर डोळे पुसले. मी इथे क्री शिकवतो. माझे डोळे कोरडेच राहिले.

डेल्फीन आमच्या क्री लोकांतलीच, पण विनिपेग शहरात वाढलेली, क्री अर्धीमुर्धी येणारी. तिच्या पीएचडीचा चौथा अध्याय याच यंत्राने भाषांतर केलेल्या अशा बारा मुलाखतींवर उभा होता आणि प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता.

पहिल्या रांगेत खुद्द अगाथा, माझी मावशी, बसली होती. तिने चष्मा लावून पडदा वाचला.

"पोरी, माझ्याकडे कधी आली होतीस तू?"

"जुलैत, कोकुम." आजीच्या वयाच्या बाईला आम्ही कोकुम म्हणतो.

"मग ही गोष्ट मी सांगेनच कशी? बर्फ पडल्याशिवाय आम्ही ती तोंडातून काढत नाही. मी माझ्या गुडघ्याचं रडगाणं गात होते गं!"

डेल्फीनने पडदा पुन्हा वाचला.

"वयोमानाने विसरायला होतं, आजी," वेल गोड हसून म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी तडक मंचावर गेलो. "आता अर्धं मिनिट सगळे गप्प बसा. ही शांतता क्री म्हणून ऐकवा तुमच्या यंत्राला."

हीटरची घरघर तेवढी चालू होती. पडद्यावर उमटलं, 'आमचे पूर्वज नद्यांशी बोलत असत...'

वेल घाईघाईने वायरी गुंडाळायला लागले.

काळीज-बिळीज काही नाही. यंत्राने क्री फारशी ऐकलेलीच नाही. कळलं नाही तरी ते तसं कबूल करत नाही. आमच्या म्हाताऱ्या माणसांबद्दल लोकांनी जे लिहून ठेवलंय, त्यावरून शोभेलसं काहीतरी रचून देतं.

"कोकुम, अध्याय मागे घेते मी," डेल्फीन म्हणाली. "वर्ष जाईल."

"जाऊ दे. या खेपेला जे लिहिशील, ते आधी मला वाचून दाखव."

वर्षभरात डेल्फीनने बाराही जणांना नवा मजकूर वाचून दाखवला. यंत्र कुठे वापरलं आणि ते कोणी तपासलं, हे आता पानोपानी नोंदलंय. चौथ्या अध्यायात लांडगा नाही. मावशीचा गुडघा आहे, आणि एका तळ्यावरून दुसऱ्याकडे खांद्यावर होडी घेऊन चालताना तो कुठल्या वाटेवर दुखावला, तेही आहे.

यंत्र खुशाल वापरा. पण ज्याच्या तोंडी शब्द घालताय, त्याला आधी विचारा.