खेळू दे तिला

दोन डोकी एकमेकांवर आपटल्याचा आवाज मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या सगळ्या आईबापांना ऐकू आला. लाकडावर लाकूड आपटावं तसा, कोरडा. दुसऱ्या संघातली मुलगी रडतरडत उठली. भिंगरी उठली नाही. गवतावर उताणी पडून ती नुसती आभाळाकडे बघत होती.

सर धावत आत गेले. आठवडाभर हार्डवेअरच्या दुकानात खिळे-बिजागऱ्या विकायच्या आणि सुट्टीच्या दिवशी मुलींना फुटबॉल शिकवायचा, हा त्यांचा क्रम. त्यांनी तिला बसवलं, पाणी पाजलं, डोळ्यांसमोर बोटं धरली.

"किती?"

"तीन," भिंगरी म्हणाली. बोटं तीनच होती.

तरी सरांचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्यांनी कडेला उभ्या असलेल्या तिच्या बापाकडे पाहिलं. "मिस्त्री, बसवू का बाहेर?"

बस डेपोत ब्रेक दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे मिस्त्रीच म्हणत. अकरा वर्षांची ही एकच मुलगी. घरात, जिन्यावर, रस्त्यात कुठेही ती सरळ चालत म्हणून नसे, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं. त्या दिवशी समोरच्या बाकावर जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायला आलेले दोघं बसले होते. त्यातल्या एकाने मघाशीच भिंगरीकडे बोट दाखवून वहीत काहीतरी लिहिलं होतं. मिस्त्रीने ते पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"बाहेर कशाला? पडल्याझडल्याशिवाय कोणी खेळ शिकलंय का? खेळू दे तिला."

"नक्की?"

"अहो सर, माझी पोर आहे. मला ठाऊक आहे ती."

सर घुटमळले. मग बाजूला झाले.

भिंगरी खेळायला लागली; पण चेंडू पायात आल्यावर ती आपल्याच गोलाकडे धावत सुटली. कडेला हशा पिकला. "मिस्त्री, तुमची भिंगरी आज उलटी फिरली!" कोणीतरी ओरडलं. मिस्त्रीही हसला. थोड्या वेळाने चेंडू बाहेर गेला, तेव्हा ती रेषेपाशी त्याच्याजवळ आली. डोळे किलकिले करून म्हणाली, "बाबा, डोकं जड झालंय. सगळं चकाकतंय. मी बाहेर येऊ?"

हे फक्त त्यालाच ऐकू गेलं.

"दहाच मिनिटं राहिलीत गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ते बघतायत. जा, पळ."

ती गेली. बापाने सांगितलं म्हणून गेली.

पुढचा धक्का काही मोठा नव्हता. एक मुलगी चेंडूमागे धावताना तिला खांद्याने घासून गेली, एवढंच. पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. भिंगरी दोन पावलं चालली, तिसऱ्या पावलाला तिचे गुडघे वाकले. मिस्त्री तिच्यापाशी पोचला, तेव्हा तिचा एक डोळा अर्धा उघडा होता आणि त्यातली बाहुली नको तेवढी मोठी झाली होती.

तिची आई एका दुकानात शाळेच्या गणवेशांची शिलाई करायची. शाळा उघडायच्या तोंडावर दुकानाला सुट्टी नव्हती, म्हणून ती मैदानावर आली नव्हती. हॉस्पिटलात आली ती गळ्यात मापाची टेप तशीच लटकवून. तोवर भिंगरीला ऑपरेशनला आत नेलं होतं.

तीन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी आधी दोघांना खाली बसायला लावलं.

"मेंदूला फार सूज होती. मेंदू दबू नये म्हणून कवटीचा एक तुकडा काढून ठेवावा लागला. वाचेल असं वाटतंय. बाकी काय उरेल, ते आज नाही सांगता येणार."

"एवढ्याशा धक्क्याने?" मिस्त्री म्हणाला.

"त्याच्या आधी लागलं होतं ना डोक्याला? डोक्याला मार बसला की मूल वरवर ठीक दिसतं. बोलतं, बोटं मोजतं. पण आत मेंदूला इजा झालेली असते. त्यावर दुसरा मार बसला, अगदी हलका जरी, तरी असं होऊ शकतं. गोंधळणं, डोकं जड होणं, उजेड सहन न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी खेळ बंद. न दिसलं तरी बंदच. पहिल्याच वेळी बाहेर बसवली असती, तर बहुतेक काही दिवसांत बरी झाली असती."

ब्रेक जरा जड लागतोय, असं ड्रायव्हर नुसतं म्हणाला तरी मिस्त्री गाडी डेपोबाहेर सोडत नसे. साहेब ओरडले तरी नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही.

"कोणी पाठवलं तिला परत?" बायकोने विचारलं. ती डॉक्टरीणबाईंकडे नाही, त्याच्याकडे बघत होती.

"सर होते तिथे," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. सर होते तिथे.

सर तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आले. बायकोने त्यांना दारातच गाठलं. "माझी मुलगी तुमच्या भरवशावर सोडली होती. तुम्हाला मुलं आहेत का हो? नाहीत ना? म्हणूनच!" सगळा वॉर्ड बघत होता. सरांनी एकदा मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. लावलेलंच झाकण पुन्हा लावत होता. सर आल्या पावली परत गेले.

सदतीस दिवसांनी भिंगरी घरी आली. ओळखत होती सगळ्यांना. पण शब्द शोधून आणावा लागल्यासारखी बोलायची, डावा हात अंगाशी दुमडलेला आणि डावा पाय मागे राहायचा. पुढे कवटीचा तुकडा परत बसवला, केस वाढले. बायको रोज सरांना शिव्याशाप देत होती आणि मिस्त्री तोंडात गुळणी धरून बसत होता. सांगायचं ठरवून तो दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आला.

चौथ्या महिन्यात बायकोच्या तक्रारीवरून सरांच्या फुटबॉल क्लबने पालकांची सभा बोलावली. भिंगरीला तिच्या मावशीपाशी ठेवून दोघं गेली. शाळेच्या वर्गात मुलांच्या बाकांवर मोठी माणसं अंग चोरून बसली होती. चिटणिसांनी तक्रार वाचून दाखवली. "निष्काळजी माणसाच्या हाती पुन्हा कोणाचं मूल देऊ नये," असं शेवटचं वाक्य होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"सर, तुम्हाला काही बोलायचंय?"

सर उभे राहिले. "मुलगी माझ्या ताब्यात होती. चूक माझीच. मी हे काम सोडतो." आणि खाली बसले.

मिस्त्री वाट बघत राहिला. आता पुढचं बोलतील, आता बोलतील. पण सरांचं बोलून झालं होतं. चिटणीस वहीत लिहायला लागले.

"थांबा," मिस्त्री म्हणाला. उठताना त्याचा गुडघा बाकाला लागला. "सरांनी मला विचारलं होतं, बाहेर बसवू का म्हणून. दोनदा विचारलं. मी म्हणालो, खेळू दे तिला."

बायकोची मान हळूहळू त्याच्याकडे वळली.

"अजून आहे. हे सरांनाही माहीत नाही. ती माझ्याकडे आली होती. डोकं जड झालंय म्हणाली. बाहेर येऊ का, म्हणाली. मी तिला परत पाठवलं. ते वहीवाले बघत होते ना."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"सरांची चूक एकच. त्यांनी मला विचारलं. अहो, बापाला काय विचारता? बाप त्या वेळी बाप नसतो, येडा झालेला असतो. तुमचंही तसंच होतं. मी बघितलंय तुम्हाला ओरडताना. मुलांना क्लबात घालताना आपण बूट कुठले घ्यायचे ते विचारलं, डबा काय द्यायचा ते विचारलं. डोक्याला लागलं तर काय, हे एकाने तरी विचारलं? लिहून टाका तिथे. डोक्याला लागलं की बाहेर. डॉक्टर हो म्हणेपर्यंत परत नाही. आणि आईबापाला विचारायचं नाही."

चिटणिसांनी लिहिलं. सभेने हात वर केले. सर सोडायचंच म्हणत होते. शेवटी, आधी डोक्याच्या दुखापतीचं रीतसर शिकून येतो, मग बघू, एवढं कबूल केलं त्यांनी. हे सगळं होईपर्यंत बायको वर्गातून निघून गेली होती.

ती त्याला शाळेच्या पायरीवर सापडली. तो दोन पायऱ्या सोडून खाली बसला.

"चार महिने," ती म्हणाली. "चार महिने मी भुई धोपटत होते. आणि साप माझ्या शेजारी बसून चहा पीत होता."

ती त्याच्याकडे वळली.

"तिने विचारलं होतं तुम्हाला? खरंच? 'येऊ का' असं?"

"हो."

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता. रडणंही नव्हतं. मग ती उठली आणि चालायला लागली. ती पुढे, तो दहा-बारा पावलं मागे. सबंध रस्ता तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

घरी मावशी भिंगरीचे केस विंचरून देत होती. संध्याकाळच्या चालण्याची वेळ झाली होती; रोज दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून तिला बोळातून वीस फेऱ्या मारायच्या असत. मिस्त्री उंबऱ्यापाशीच थांबला. आत जावं की नाही, ते त्याला कळेना.

बायकोने चपला काढल्या, मुलीला उभं केलं आणि तिचा दुमडलेला डावा हात बोटं उलगडून आपल्या हातात घेतला. मावशी दुसऱ्या बाजूला जायला निघाली.

"तू बस," बायको तिला म्हणाली.

तिने मिस्त्रीकडे पाहिलं नाही. नुसती मुलीला धरून उभी राहिली, एक बाजू मोकळी ठेवून.