शेंडी माझी, पाय तिचे

मित्रांनो, बेळगावच्या वडगावात विणकरांच्या गल्ल्या आहेत. पुढच्या खोलीत माग खडखडत असतो आणि मागच्या दारी थोडंसं परस असतं. अशाच एका परसातली मी म्हातारी कोंबडी. कोंबड्यांना एवढं वय सहसा मिळत नाही. मला ते कसं मिळालं, ते आज सांगते.

मी शेंडीची कोंबडी आहे. आमच्या जातीच्या डोक्यावर पिसांचा झुबका असतो. माझा तर इतका दाट, की साडीच्या पदराला लावलेला रेशमी गोंडाच जणू. म्हणून घरातल्या लेकीने, राजेश्वरीने, माझं नाव गोंडाबाई ठेवलं.

हे घर सुबराव आणि अंबूबाई यांचं. सुबराव माग चालवतात. अंबूबाई कांड्या भरतात, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर रेशीम गुंडाळून देतात. आमचं घराणं या घरात सुबरावांच्या आईने आणलं. ती गेली आणि आमची निगा अंबूबाईंकडे आली. "सासूबाईंनी जाताना दोनच गोष्टी हातात दिल्या. एक देव्हारा, दुसरं खुराडं," असं त्या हसून म्हणत. पण दोन्ही झाडून पुसून ठेवत.

मी आणि माझी बहीण एकाच वेळी उबवलेल्या अंड्यांतल्या. कांड्या भरताना तुटलेले धागे केराबरोबर परसात येत. बहीण अगदी लहान असताना असाच एक धागा तिच्या डाव्या पायाला गुरफटला. रेशीम हाताला मऊ लागतं, पण आवळलं की तारेसारखं कापतं. अंबूबाईंनी पाहिलं आणि कात्री घेऊन धावल्या, तोवर दोन बोटं काळी पडली होती. पुढे ती वाळून गळाली. बहीण उड्या मारत चालू लागली आणि सगळे तिला लंगडी म्हणू लागले.

माझ्या पायाला असं काही झालं नव्हतं. अंड्यातून बाहेर आले तेव्हाच माझी पुढची बोटं टोकाशी एका बाजूला वळलेली होती. फार नाही, साडीवरच्या कोयरीचं टोक वळतं तेवढीच. पण माझ्या पायाकडे बघणार कोण? राजेश्वरी मोबाईलवर माझे फोटो काढायची, तेही मानेपासून वरचे. शेजारच्या बायका सांडग्यांचं ताट उन्हात ठेवायला आल्या की आधी मला बघून जात. लंगडी कडेला उभी राहून दाणे टिपत असे.

मग एका उन्हाळ्यात मानमोडी आली. हा आम्हा कोंबड्यांचा रोग. मान वळते, पंख गळतात, आणि काही दिवसांत खेळ संपतो. त्या दिवसांत अंबूबाई सकाळी खुराडं उघडायला येत आणि कडीवर हात ठेवून थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहत. रोग ओसरला तेव्हा खुराड्यात आम्ही दोघीच उरलो होतो.

"आईच्या हातचं घराणं आपल्या दारात संपाय नको," सुबराव म्हणाले. त्यांची मोठी बहीण नागुबाई बेळगुंदीला दिलेली. तिच्याकडे याच घराण्यातला एक कोंबडा होता. शेंडी बेताची, पण पाय खणखणीत. सुबराव त्याला टोपलीत घालून घेऊन आले. आता प्रश्न उरला, अंडी कुणाची उबवायची?

"बी धरायचं तर पायात खोट नसलेलं धरावं, असं आई म्हणायची," सुबराव म्हणाले. "लंगडीची अंडी आपण खाऊया. गोंडाबाईची ठेव."

"हिचीबी बोटं वाकडी हायत की जरा," अंबूबाई म्हणाल्या.

"जराच हायत. तिला तर बोटंच न्हाईत. आणि शेंडी बघ की हिची!"

शेंडीपुढे कोण बोलणार? माझी अंडी माझ्याच पोटाखाली ठेवली गेली. मी किती जीव लावून बसले होते, काय सांगू! पिल्लं बाहेर आली तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यावर शेंडीचा इवलासा उंचवटा होता. राजेश्वरीने टाळ्याच वाजवल्या. मग पिल्लं वाळली, उभी राहू लागली, आणि टाळ्या थांबल्या. निम्म्याहून जास्त पिल्लांची बोटं वळलेली होती. काहींची माझ्यासारखी, काहींची माझ्याहून जास्त. एकाची तर मिटलेल्या मुठीसारखी.

अंबूबाईंनी हार मानली नाही. साडीवर नक्षी उतरावी म्हणून मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे लावतात. तसल्या एका जुन्या पुठ्ठ्याचे त्यांनी पिल्लांच्या पायाएवढे तुकडे कापले, त्यावर बोटं सरळ करून ठेवली आणि सुताने बांधली. छोटे छोटे जोडे घातल्यासारखी माझी पिल्लं परसात टकटक चालत. एका पिल्लाची बोटं खरोखर सरळ झाली. बाकीच्यांची जोडे काढताच पुन्हा वळली.

एका सकाळी घार आली. शेंडी डोळ्यांवर उतरत असल्यामुळे मला वरचं दिसत नसे. कोंबडा ओरडला तेव्हा मला कळलं. मी पंख पसरले. सरळ पायांची पिल्लं भरकन आत शिरली. मुठीसारख्या पायांचं पिल्लू दोन पावलं आलं आणि पडलं. उठलं, पुन्हा पडलं. तेवढा वेळ घारीला पुरला.

अंबूबाई दारातच उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या कांड्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि धागे कापायच्या कात्रीने डोळ्यांवरची शेंडी कापून टाकली.

"आई, काय केलंस गं! कसली छान दिसायची फोटोत," राजेश्वरी म्हणाली.

"फोटोचं ऱ्हाऊंदे. आधी तिला आभाळ दिसूंदे," अंबूबाई म्हणाल्या.

आणि मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा आभाळ नीट पाहिलं. ते एवढं मोठं आणि एवढं मोकळं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आषाढात वडगावात मंगाईची यात्रा असते. घरोघरी पाहुणे येतात आणि चुलीवर रस्सा चढतो. यात्रेच्या आदल्या दिवशी सुबरावांनी लंगडीला धरून डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली, झाकून ठेवलं. त्याचा अर्थ प्रत्येक कोंबडीला कळतो. मी डालग्याभोवती फिरत राहिले. आत ती अधू पाय पोटाशी घेऊन बसली होती.

राजेश्वरीला वाईट वाटलं असावं. ती मूठभर ज्वारी घेऊन आली आणि डालग्याशी वाकून म्हणाली, "लंगडे, ये गं. खाऊन घे गं."

"आलो की गं! काय केलाईस खायाला?" मागून आवाज आला.

दारात नागुबाई उभ्या होत्या, पाहुण्या म्हणून आलेल्या. त्या लहानपणापासून एका पायाने लंगडत चालतात. राजेश्वरीने जीभ चावली. तिचा चेहरा बघून नागुबाईंना एवढं हसू लोटलं की त्या धुण्याच्या दगडावरच बसल्या. हसून झालं तेव्हा त्यांनी डालग्याकडे पाहिलं.

"हिला का झाकून ठेवलाईसा?"

"उद्याला, आक्का," सुबराव म्हणाले. "अंडी देती तेवढीच. पायात खोट हाय, बी धरता येत न्हाय."

"खोट जन्माची हाय?"

"न्हाय आक्का," अंबूबाई म्हणाल्या. "जन्मताना बोटं सगळी हुती. रेशीम आवळून गेली."

नागुबाईंनी आपला पाय पुढे पसरला. "सुब्या, ह्यो पाय बघ. मी चिंचेवरनं पडलतो तवा तू रांगत हुतास. लगीन ठरताना लोकं काय म्हणालती, ठावं हाय? लंगडीच्या पोटाला लंगडंच येईल म्हणालती. आता माझी पोरं बघ. थोरला फुटबॉल खेळतोय, धाकटा त्याच्या फुडं पळतोय. पडून मोडलेलं पोटात उतरत न्हाय रं. आतनं आलेलं उतरतंय."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे आणि माझ्या पिल्लांकडे वळल्या. मी खाली बसले आणि पाय पिसांत ओढून घेतले.

"मग गोंडाबाईची सरळ पायाची पिल्लं तेवढी ठेवूया की, आत्या," राजेश्वरी म्हणाली. "न्हायतर असली शेंडी परत कुठली मिळायची?"

"ती सरळ दिसत्यात गं. पण आईचं रगात त्यांच्यातबी हाय. त्यांच्या पिल्लांत परत वाकडं निघंल. वाढवा त्यांना, अंडी खावा. उबवायला ठेवू नका."

"एवढ्या देखण्या कोंबडीचं घराणं हितंच थांबवायचं म्हणतीस?" सुबरावांचा आवाज उतरला होता.

अंबूबाईंनी मला उचलून मांडीवर घेतलं. माझं एकेक बोट हळूच उलगडून पाहिलं. सोडलं की ते पुन्हा वळे. बराच वेळ त्या तेच करत राहिल्या.

"शेंडी लंगडीलाबी हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "हिच्याएवढी न्हाय, पण हाय. मी पिल्लू पडताना बघितलोय, आक्का. परत तसलं बघायला नको मला. लंगडीचीच अंडी ठेवूया."

सुबरावांनी मान डोलावली. मग म्हणाले, "म्हणजे उद्याला गोंडाबाईला...?"

"तिलाबी न्हाय! बी धरायचं न्हाय म्हणजे मारायचं हाय काय?"

"मग पाव्हण्यांना काय वाढू? शेंगाची चटणी?"

"ब्रॉयलर मिळतोय की दुकानात," नागुबाई म्हणाल्या आणि उठून स्वतःच डालगं उचललं. लंगडी बाहेर आली, पंख झटकले आणि काही घडलंच नसल्यासारखी ज्वारी टिपू लागली.

त्यानंतर माझी अंडी स्वयंपाकघरात जाऊ लागली. मी अंडं घालून ओरडले की राजेश्वरी येई, माझ्या पाठीवरून हात फिरवी आणि अंडं घेऊन जाई. माझं कुणाशी भांडण नव्हतं. त्या पिल्लाचं धडपडणं मीही विसरले नव्हते. तरी अंडं उचललं गेलं की मी त्या उबदार खळग्यात थोडा वेळ बसून राहायची. आपल्या पाठीमागे आपलं कुणी येणार नाही हे कोंबडीलाही कळतं, मित्रांनो.

दिवाळी झाली आणि मी खुडूक झाले. खुडूक कोंबडीला उबवण्याशिवाय काही सुचत नाही. पोटाखाली अंडं नसलं तरी ती बसूनच राहते. तिची ओढ मोडायला लोक तिला गार पाण्यात बुडवतात. सुबराव बादली घेऊन आलेही.

"थांबा जरा," अंबूबाई म्हणाल्या. लंगडी दोनदा उबवायला बसली होती, पण अधू पाय घसरून तिच्याकडून अंडी फुटत होती. अंबूबाई आत गेल्या आणि पदरात काहीतरी घेऊन आल्या. माझ्या पिसांखाली त्यांचा हात आला आणि पोटाला गुळगुळीत स्पर्श झाला. एकामागून एक अंडी येत राहिली.

"लंगडीची हायत ती, आई. हिला कळंल काय?" राजेश्वरीने विचारलं.

"कळंल की. तरी बसंल ती."

मला कळलं होतं. माझी अंडी लांबट, ही गोलसर. मी चोचीने एक अंडं आत ओढलं, मग दुसरं, आणि पिसं फुगवून बसले.

पहिलं कवच तडकलं तेव्हा परसात कोवळं ऊन आलं होतं. पिल्लू बाहेर आलं, ओलं, दमलेलं. डोक्यावर शेंडीचा उंचवटा होता. दुसऱ्या कुठल्या आईने त्याची चोच पाहिली असती, डोळे पाहिले असते. मी पाय पाहिले. ते धडपडलं, पडलं, पुन्हा उठलं. तीन बोटं पुढे, एक मागे. सगळी सरळ, मातीत घट्ट रोवलेली. मागून दुसरं आलं, तिसरं आलं. अंबूबाई एकेकाला तळहातावर उभं करत आणि पुन्हा माझ्याकडे सोडत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या पिल्लांना माती उकरायला मी शिकवलं. माझ्या वळलेल्या बोटांनी मी जेवढी उकरायची, त्याच्या दुप्पट ती पहिल्याच आठवड्यात उकरू लागली. मोठी झाली तेव्हा त्यांच्या शेंड्या माझ्याएवढ्या दाट झाल्या नाहीत. पण घार दिसली की ती वाऱ्यासारखी पळतात.

लंगडी गेल्या वर्षी गेली, शांतपणे, ऊन खात बसल्या जागी. तिची नातवंडं आज या परसात हिंडतात. एक जोडी बेळगुंदीलाही गेली आहे. मी अंडी घालायची केव्हाच थांबले. वाकडी बोटं आता खुराड्यातली रात्री बसायची दांडी धरत नाहीत. एक-दोनदा मी तिच्यावरून पडले. सुबरावांनी ते पाहिलं आणि मागाची एक जुनी रुंद लाकडी फळी आणून, खाली वीतभर उंचीवर ठोकून दिली. तिच्यावर पाय सपाट ठेवता येतात.

मित्रांनो, तुमच्या परसात कोंबड्या असतील तर पिसं बघून भुलू नका, पायही बघा. पाय वाकडा असेल तर तो जन्माचा की घावाचा, एवढं विचारा. तुटके धागे परसात टाकू नका. आणि कुणाचं बी धरायचं नाही असं ठरलं, तरी त्या जिवाला भूक लागते, थंडी वाजते, संध्याकाळी बसायला जागा लागते. त्याची दांडी थोडी खाली आणा. फार कष्ट पडत नाहीत.

आता ऊन उतरलं आहे. अंबूबाई खुराडं लावायला येतील. वरची दांडी मोकळी आहे. लंगडीच्या नातवंडांना तिच्यावर एका उडीत चढता येतं. तरी त्यातली दोन रोज खाली येतात आणि माझ्या फळीवर, मला चिकटून बसतात.