शिकवलेली रीत

२००३ साली हिंजवडीच्या एका कंपनीला आमच्या सदाशिव पेठेतल्या शाळेचा एकदम पुळका आला. सहावीतली दहा मुलं निवडायची आणि वर्षभर दर शनिवारी फुकट कॉम्प्युटर शिकवायचा. परीक्षा नाही, नुसता फॉर्म. 'मला नव्या युक्त्या सुचतात', 'अवघड प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवते' अशी वीस वाक्यं आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. अजिबात पटत नसेल तर एक, पुरेपूर पटलं तर पाच. आत्मविश्वास मोजतात म्हणे, तूरडाळ मोजावी तसा.

कंपनीचे अनिरुद्ध साहेब बाराला गठ्ठा न्यायला येणार होते. पावणेबाराला मिसबाचा फॉर्म हातात आला. वीसच्या वीस ठिकाणी एक.

वर्गाच्या दाराची कडी निखळली तेव्हा कंपासमधलं कर्कटक अडकवून दार लावणारी पोरगी ही. बाप शकीलभाई, मंडईजवळ स्टोव्ह दुरुस्त करतात. ही संधी हुकली तर हिला कॉम्प्युटर दाखवणार कोण?

तिला व्हरांड्यात बोलावलं. "काय गं, डोकं ठिकाणावर आहे का?"

"बाई, तुम्हीच म्हणालात, खरं तेच लिहा."

"हे खरं आहे?"

तिने दप्तरातून गणिताची वही काढली. दोन नळ, एक टाकी, भरायला किती वेळ? तिने टाकीचे बारा चौकोन काढून उत्तर आणलं होतं, अगदी बरोबर. त्याखाली माझी लाल शाई: 'रीत चुकली. आगाऊपणा करू नये. ०/५.' त्याखाली शकीलभाईंची सही. बावीस वर्षं मी असेच शेरे मारत आले. हा तर वर्गापुढे वाचूनही दाखवला होता. मेली माझी शिस्त.

बाराला पाच कमी. मी कोरा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "पुन्हा भर. लवकर."

तिने पेन उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिली. जिन्यात बुटांचा आवाज आला.

"बाई, बरोबर रीत कोणती ते सांगा ना. तसंच लिहिते."

मला रडू फुटायचंच बाकी होतं. पण बूट वर येत होते.

"सगळीकडे पाच," मी म्हणाले.

तिने भराभरा वीस पाच काढले. एकही खाडाखोड नाही. अनिरुद्ध साहेब गठ्ठा घेऊन गेले.

सोमवारी यादी लागली. मिसबा पहिली. नावापुढे शेरा होता: 'स्वतंत्र विचाराची मुलगी.' मुख्याध्यापकांनी माझं अभिनंदन केलं. पोरीची सोय झाली म्हणून बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

मधल्या सुट्टीत मी तिची वही मागून घेतली. माझा शेरा खोडून पाचपैकी पाच दिले आणि खाली लिहिलं: 'चूक बाईंची. पालकांची सही आणावी.'