पाच वर्षांची मुदत

मंत्री झाल्यापासून डॉक्टरांनी इतक्या सह्या केल्या होत्या की सकाळी उठल्यावर उजव्या अंगठ्याचा सांधा कुरकुरायचा. बायको म्हणायची, "दुसऱ्या कुणाचा असता तर तुम्ही त्याला महिनाभर विश्रांती लिहून दिली असती." ते कसंनुसं हसायचे आणि गाडीत जाऊन बसायचे.

राजकारणात ते हौसेनं आले नव्हते. दगडखाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी बावीस वर्षं दवाखाना चालवला. सकाळी नऊला दार उघडावं, तर बाकावर दहा-बारा माणसं आधीच खोकत बसलेली. सगळ्यांचा खोकला एकाच जातीचा, कोरडा, तळातून येणारा. दगडाची धूळ फुप्फुसात एकदा बसली की निघत नाही. औषधानं धाप जरा कमी होते, एवढंच. हे ते प्रत्येकाला नीट समजावून सांगत, आणि तो माणूस मान डोलवून दुसऱ्या दिवशी पुन्हा खाणीत जाई. पोट थोडंच थांबतं?

त्या बाकावर एक मिस्त्री असायचा. खाणीत सुरुंग लावणाऱ्या टोळीचा मुकादम, दाराच्या चौकटीला डोकं लागेल असा उंच. कुजबुजला तरी रस्त्यावर ऐकू जायचं. एकदा शर्टाची बटणं लावता लावता तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही खोकल्यावर औषध देताय. धुळीवर कोण देणार?"

"धुळीवर कायदा लागतो, मिस्त्री. तो माझ्या कपाटात नाही."

"मग ज्या कपाटात आहे तिथं जा की."

बाक हसला. पण डॉक्टरांच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. पहिल्या निवडणुकीत ते सपाटून पडले. दुसऱ्या वेळी मिस्त्री पायाला भिंगरी लावल्यासारखा खाणीखाणीतून फिरला आणि डॉक्टर खासदार झाले. पुढे आणखी दोनदा निवडून आले, शेवटी मंत्री झाले. या पंधरा वर्षांत त्यांनी काय काय गिळलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. न पटलेल्या ठरावांना हात वर केला. ज्यांच्या सावलीला उभं राहू नये, त्यांच्या शेजारी बसून फोटो काढले. दर वेळी मनाला एकच समजूत घातली, एकदा धुळीचा कायदा होऊ दे, मग बघू.

तो दिवस उजाडला. विधेयकाचं अकरावं कलम त्यांनी स्वतः शब्द न् शब्द तोलून लिहिलं होतं: प्रत्येक खाणीत पाण्याचे फवारे, धूळ ओढून घेणारी यंत्रं, दर वर्षी प्रत्येक कामगाराच्या छातीची तपासणी. आणि हे सगळं सहा महिन्यांत. सकाळी सचिवांनी फाइल समोर ठेवली, तेव्हा 'सहा महिने' खोडून तिथं 'पाच वर्षे' केलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"काल संध्याकाळी वरूनच आलं, सर," सचिव फाइलकडे बघत म्हणाले.

डॉक्टरांनी पक्षप्रमुखांना फोन लावला.

"डॉक्टर, खाणवाले कोर्टात निघाले होते. आता गप्प आहेत," पक्षप्रमुख म्हणाले. "कायदा होतोय, तुमच्या हातून होतोय. अजून काय पाहिजे?"

"मुदत कमी पाहिजे."

"पाच वर्षं काय, बघता बघता जातात." आणि फोन ठेवला गेला.

डॉक्टरांनी फाइल मिटली. राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात त्राण लागतं.

तेवढ्यात मिस्त्री आत आला. प्रेक्षक सज्जात बसून कायदा होताना बघायचा म्हणून तो आदल्या दिवसापासून प्रवास करत आला होता. दारापासून खुर्चीपर्यंत यायला त्याला दोनदा थांबावं लागलं. अंगावरचा कोट खुंटीवर अडकवल्यासारखा लोंबत होता. त्यानं पिशवीतून एक्स-रे काढून दिला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही बाजू पिठाचे हात पुसल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. सांगण्यासारखं काही नव्हतं आणि मिस्त्रीनंही विचारलं नाही.

"आज... होणार ना?" दोन शब्दांमध्ये श्वास घेत तो म्हणाला.

"होणार."

"लागू कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं. डॉक्टर म्हणाले, "पाच वर्षांनी."

मिस्त्रीनं एक्स-रे परत घेऊन पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "जावई लागलाय खाणीत. गेल्या वर्षी. पोरगी नको म्हणत होती. मीच म्हटलं, कायदा येतोय, घे काम." जरा दम खाऊन त्यानं पुढं जोडलं, "तुमचाही नाइलाज असेल."

त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

दुपारी डॉक्टरांनी सभागृहात विधेयक मांडलं. विरोधी बाकांवरच्या एक बाई उभ्या राहिल्या. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या, आणि सभागृहातही सगळ्यांकडे गृहपाठ तपासल्यासारखं बघायच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंत्रिमहोदय स्वतः डॉक्टर आहेत. या पाच वर्षांत या धुळीनं किती माणसं मरतील?"

उत्तर कागदावर टाइप करून तयार होतं: माहिती गोळा करण्याचं काम चालू आहे. डॉक्टरांनी कागद उचलला, चष्मा सारखा केला आणि कागद पुन्हा खाली ठेवला. माहिती कधीच गोळा झाली होती. त्यांनीच केली होती.

"साधारण चार हजार," ते म्हणाले. "हा आकडा कमीत कमी धरलेला आहे."

त्यांच्याच बाकांवरची माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. अध्यक्षांनी विचारलं, मंत्र्यांना आणखी काही सांगायचंय का? "नाही," म्हणून डॉक्टर खाली बसले. मग मतदान झालं आणि विधेयक होतं तसंच मंजूर झालं. हात डॉक्टरांनीही वर केला. कायदाच नसण्यापेक्षा दात पाडलेला कायदा परवडला, असा त्यांनी हिशेब केला. पण हात खाली घेताना तो त्यांना फार जड वाटला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तो आकडा ठळक छापून आला. आठ दिवस गदारोळ झाला आणि सरकारनं मुदत पाचाची दोन वर्षं केली. त्याच आठवड्यात डॉक्टरांचं मंत्रिपद गेलं. कारण दिलं प्रकृतीचं. बायकोनं बातमी वाचली आणि म्हणाली, "प्रकृती तर आत्ता कुठं बरी दिसायला लागलीय." ते दोन दिवस नुसते झोपून होते. दोन वर्षांत किती, हा आकडा त्यांनी कागदावर मांडला नाही. तो त्यांना तोंडपाठ होता.

मिस्त्री त्यानंतर दोन महिन्यांनी गेला. डॉक्टर भेटायला गेले, तेव्हा त्याच्या मुलीनं खुर्ची दिली आणि चहा ठेवला. जावई कामावरून थेट आला होता, भुवयांवर पांढरी पूड तशीच.

"दुसरं काम बघता येईल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे," जावई म्हणाला. "बाबा सांगून गेलेत, डॉक्टरांनी पाचाची दोन करून दिली."

मुलीनं चहाचा कप पुढं केला.

"गुरुवारी सरकारी दवाखान्यात या. दहा वाजता," डॉक्टर म्हणाले. "एक्स-रे काढू. मी दारात थांबतो."

"खाडा होईल."

"होऊ दे."

जावयानं बायकोकडे बघितलं, मग मान डोलवली. डॉक्टरांनी चहा संपवला आणि बसथांबा कुठं आहे ते विचारून घेतलं.