कुंपणापलीकडची जास्वंद

संध्याकाळी शेजारच्या अंगणात पानांवर पाणी शिंपडल्याचा आवाज येई, आणि तांदूळ पाखडणारे आईचे हात सुपावरच थबकत.

भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. आमच्या क्वार्टरसमोरच्या कच्च्या रस्त्यावरून मुरुमाचे ट्रक दिवसभर जात आणि तांबडी धूळ पानापानावर बसे. तारेच्या कुंपणापलीकडे आंध्रातल्या लक्ष्मीअम्मा राहत. त्यांची जास्वंद पहाटे अशी पेटे, की भट्टीचा सारा उजेड त्यांच्याच दारी उतरल्यासारखा वाटे. आईने तिचीच फांदी मागून आणून लावली होती. पण आमच्या झाडाला कळ्या धरत आणि गळून पडत.

आई भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याची लेक. पाणी मुळाला द्यायचं, पानं पावसाने धुवायची, एवढंच तिला ठाऊक. लक्ष्मीअम्मा मोडक्या हिंदीत सांगत, "दीदी, पत्ता धोना. धूल में सांस नहीं लेता."

त्या आत गेल्या की आई पुटपुटे, "झाड का लेकरू हाय, रोज न्हाऊ घालाले? मले शिकवून राहिली. माया जन्म वावरात गेला."

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तरी तिच्या चेहऱ्यावरच्या त्या सावलीला काय म्हणावं, मला सुचत नसे. मत्सर हा शब्द कदाचित फार मोठा होईल. शेजारणीच्या तापात तिच्यासाठी पेज करून नेणारी आई, परतताना मात्र त्या लालभडक झाडाकडे पाठ करूनच येई.

मग लक्ष्मीअम्मांच्या नवऱ्याला दूर कुठे काम लागलं. सामान ट्रकवर चढलं, जास्वंद मागे राहिली. त्या संध्याकाळी पाण्याचा आवाज आला नाही. आई बराच वेळ दारात बसून राहिली. मग उठली, लोटा घेतला आणि आमच्या जास्वंदीचं एकेक पान अंगठ्याने पुसत धुऊ लागली.

काही आठवड्यांनी आमचं झाड फुललं. आई ताट भरून फुलं घेऊन कुंपणाशी गेली, हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिली. पलीकडची जास्वंद धुळीने मळकट झाली होती.

"आता पाहाले कोन हाय?" ती म्हणाली, ताट खाली ठेवून लोटा भरून आणला आणि तारांतून हात घालून त्या झाडावरही पाणी शिंपडलं.

रस्ता केव्हाच डांबरी झाला, धूळ उडायची थांबली. आई अजून पानं धुते. पाणी पडत असतं तेव्हा तिची नजर मात्र कुंपणापलीकडे असते, इतक्या वर्षांनंतरही तिथे कुणी उभं असावं आणि आपली फुलं पाहून थोडं तरी जळावं, म्हणून.